लहान लोकसंख्येत स्तनाच्या कर्करोगाची चाळणी तपासणी : वाचकांचे प्रश्न

गेल्या महिन्याच्या अंकात स्तनाच्या कर्करोगाच्या चाळणी तपासणीविषयी, म्हणजे कसलीही तक्रार नसलेल्या महिलांना ठरावीक अंतराने बोलावून तपासण्याविषयी, लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांत एकच शंका निरनिराळ्या शब्दांत दिसते. आमचे गाव, आमचा जिल्हा, आमचा समाज एवढासा. इतक्या थोड्या माणसांत या तपासणीचा गुण येतो की नाही, हे कळायचे कसे? त्यांतील पाच पत्रे संक्षिप्त करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाने गावच्या देवळाच्या सभागृहात तपासणी शिबिर भरवले. चाळिशीपुढच्या ६०० महिला आल्या. डॉक्टरांनी हाताने तपासून २१ जणींना पुढच्या तपासणीसाठी पाठवले, पण एकीलाही कर्करोग निघाला नाही. आता मंडळातील काही जणी म्हणतात की खर्च पाण्यात गेला. त्यांना काय सांगावे?
(एक वाचक, फोंडा)

उत्तर : आधी एक साधा हिशेब मांडू. तक्रार नसलेल्या हजार महिलांत हाताने तपासून एखादीला कर्करोग सापडेल, असे केवळ उदाहरणापुरते धरू. मग ६०० महिलांत सरासरी ०.६ रुग्ण सापडावेत. अशी १०० शिबिरे, सगळी उत्तम रीतीने, भरवली तरी त्यांपैकी सुमारे ५५ शिबिरांत एकही रुग्ण मिळणार नाही. डॉक्टरांनी पाट्या टाकल्या असत्या तरी शून्य आले असते आणि जीव ओतून काम केले असते तरीही बहुधा शून्यच आले असते. त्यामुळे या शून्यावरून तुमचे शिबिर चांगले की वाईट हे ठरवता येत नाही, आणि शेजारच्या गावातील शिबिरात दोन रुग्ण सापडले म्हणून ते शिबिर सरस होते असेही म्हणता येत नाही.

तपासायचे असेल तर दुसऱ्या आकड्यांकडे पाहावे. सर्वांत आधी त्या २१ जणींकडे. त्यांपैकी प्रत्यक्ष किती जणी रुग्णालयापर्यंत पोहोचल्या, किती दिवसांनी पोहोचल्या आणि प्रत्येकीचा निदानाचा कागद मंडळाकडे आहे का? ‘एकीलाही निघाला नाही’ हे वाक्य २१ कागद पाहून लिहिले आहे, की कोणी काही कळवले नाही म्हणून लिहिले आहे, हे पत्रावरून समजत नाही. मी स्वतः एका शिबिराची वही चाळली आहे. तीत नाव, वय, गाव आणि ‘डाव्या बाजूस गाठ, पुढे पाठविले’ असे सुबक अक्षरांत लिहिलेले होते. त्यापुढचा रकाना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोरा होता. त्या वहीतही कर्करोगाचा आकडा शून्यच होता.

दुसरी गोष्ट न आलेल्यांची. गावात चाळिशीपुढच्या महिला किती, हे मतदार यादीवरून काढता येईल. त्या २,००० असतील तर तुमच्याकडे ३० टक्के आल्या. युरोपात २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाळणी तपासणीच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या चौथ्या आवृत्तीत बोलावलेल्या महिलांपैकी ७० टक्क्यांहून अधिक जणी येणे ही किमान अपेक्षा मानली आहे. शिबिराला बहुधा त्याच येतात ज्या इतर वेळीही स्वतःची काळजी घेतात. गाठ लागूनही कोणाला न सांगणारी बाई ध्वनिक्षेपकावरची हाक ऐकून येत नाही. पुढचे शिबिर भरवायचे असेल तर सभागृहातील गर्दी वाढवण्यापेक्षा न आलेल्यांची यादी घेऊन घरोघर जाणे अधिक उपयोगाचे ठरेल.

तिसरी गोष्ट वेळ लागणारी आहे. या ६०० जणींची यादी जपून ठेवा आणि पुढील दोन वर्षांत त्यांच्यापैकी कोणाला स्तनाचा कर्करोग झाल्याचे कळले तर तारखेसह नोंदवा. दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उघड होणाऱ्या अशा रोगावरून तपासणीची धार जितकी कळते, तितकी शिबिराच्या दिवशीच्या आकड्यावरून कळत नाही. मोठ्या शहरात अशी माहिती गोळा करणे महाकठीण असते. तुमच्या गावात ती कदाचित पहिल्या आठवड्यातच तुमच्या कानावर येईल, आणि या एका बाबतीत लहान गावाची बाजू वरचढ आहे.

प्रश्न : कमी लोकसंख्येच्या प्रदेशात चाळणी तपासणीमुळे मृत्यू घटले, हे संख्याशास्त्राने सिद्ध करता येते का? येत नसेल तर असा कार्यक्रम सुरू करणे शास्त्रीय म्हणावे का?
(जनआरोग्याची एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : याचे सर्वांत बोलके उदाहरण आइसलँडचे आहे. या देशाची वस्ती आजही चार लाखांच्या आतबाहेर आहे, म्हणजे गोव्याच्या २०११ च्या जनगणनेतील १४.५८ लाखांच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तेथे नोव्हेंबर १९८७ पासून ४० ते ६९ वर्षांच्या महिलांना दर दोन वर्षांनी मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण चित्रासाठी, बोलावणे सुरू झाले. २०२० च्या अखेरीपर्यंत हे काम तेथील कर्करोग संस्थेकडे होते, नंतर ते सरकारी आरोग्यसेवेकडे गेले.

अशा देशात स्तनाच्या कर्करोगाने वर्षाला ५० च्या आसपास मृत्यू होतात असे धरून पाहा. इतक्या लहान संख्येत नुसत्या योगायोगाने एखाद्या वर्षी ३६ आणि एखाद्या वर्षी ६४ मृत्यू होऊ शकतात. तपासणीने मृत्यू २० टक्क्यांनी घटले तर ते ४० वर येतील. पण ४० हा आकडा तर तपासणी नसतानाही एखाद्या वर्षी दिसला असता. दहा वर्षांची बेरीज केली की चित्र स्वच्छ होते, कारण ५०० च्या जागी ४०० मृत्यू होणे योगायोगाच्या कक्षेत बसत नाही. मात्र त्या दहा वर्षांत शस्त्रक्रिया सुधारते, टॅमॉक्सिफेनसारखी औषधे सर्वांना मिळू लागतात आणि मग घटीचे श्रेय कोणाला द्यायचे हा वाद उभा राहतो. वर्षाला पाच मृत्यू होणाऱ्या तालुक्यात तर वर्षागणिक आलेख काढणे म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे.

आइसलँडच्या संशोधकांनी यातून वेगळी वाट काढली. एकाला तपासायचे, दुसऱ्याला नाही, असे दोन गट पाडून २० वर्षे थांबण्याइतकी माणसेच त्यांच्याकडे नव्हती. म्हणून त्यांनी उलट्या दिशेने सुरुवात केली. ज्या महिला या रोगाने मरण पावल्या त्यांची, आणि त्याच वयाच्या पण जिवंत असलेल्या महिलांची, तपासणीला येण्याची जुनी नोंद ताडून पाहिली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तपासणीला आलेल्या महिलांत या रोगाने मृत्यू येण्याचा धोका सुमारे ३५ ते ४० टक्क्यांनी कमी आढळला. मुळातच जागरूक असलेल्या महिला तपासणीला येतात, या दोषाची वजावट करूनही हा फरक टिकला. हे जमले ते तपासणीमुळे नव्हे, नोंदींमुळे. तेथील कर्करोग नोंदणी १९५४ पासूनची आहे आणि प्रत्येक नागरिकाला एकच ओळख क्रमांक असल्यामुळे तपासणीची, निदानाची आणि मृत्यूची नोंद एकमेकींना जोडता येते.

आपल्याकडे अडचण नेमकी येथेच आहे. सिंधुदुर्गातील महिला उपचारासाठी गोव्यातील बांबोळीच्या रुग्णालयात जाते, गोव्यातील महिला मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जाते आणि मुंबईत राहणारी कोकणातील महिला दुखणे वाढले की गावी परतते. लहान प्रदेशात पाच-सहा रुग्ण असे इकडचे तिकडे झाले तरी सगळे प्रमाण बिघडते. बार्शीचे काम म्हणूनच मोलाचे आहे. १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी सुरू झालेली ती भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. रुग्ण रुग्णालयात येण्याची वाट पाहत न बसता तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन नोंदी घेत राहिले.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. तपासणी मुळात उपयोगी आहे का, याचा पुरावा लहान प्रदेशाने स्वतः निर्माण करण्याची गरज नाही. तो उसना घ्यावा. स्वीडनच्या दोन परगण्यांत १९७७ पासून झालेली अशी दोन गटांची चाचणी आणि तिच्यासारख्या इतर चाचण्या त्यासाठीच आहेत. ब्रिटनमधील स्वतंत्र तज्ज्ञ समितीने २०१२ मध्ये अशा चाचण्या एकत्र पाहून काढलेला अंदाज असा : पन्नाशीच्या १०,००० महिलांना २० वर्षे बोलावत राहिले तर ४३ मृत्यू टळतात, पण १२९ महिलांना अशा कर्करोगाचे निदान आणि उपचार सोसावे लागतात, जो तपासणी झाली नसती तर त्यांना आयुष्यभर जाणवलाही नसता. पुरावा उसना घेताना ही दुसरी संख्याही घ्यावी लागते, ती गाळून चालत नाही. आणि एक अट आहे. ज्या दर्जाच्या तपासणीने ते मृत्यू टळले तोच दर्जा आपल्याकडे आहे, हे दाखवण्याची जबाबदारी मात्र आपली. ती पार पाडली तर कार्यक्रम शास्त्रीय आहे. नाही तर स्वीडनचा आकडा आपल्या फलकावर लिहिण्याचा आपल्याला अधिकार नाही.

प्रश्न : मी मॅमोग्राफीच्या यंत्रावर काम करतो. आमच्याकडे दिवसाला दोन-तीनच तपासण्या होतात. काम कमी असल्यामुळे प्रत्येक तपासणी सावकाश आणि नीट होते. मग लहान केंद्राचा दर्जा कमी असतो असे का म्हणतात?
(एक क्ष-किरण तंत्रज्ञ, कोल्हापूर)

उत्तर : तुमच्या हातच्या कामाबद्दल शंका नाही. तुम्हाला हे ठाऊकच आहे, पण इतर वाचकांसाठी सांगतो. तिरप्या बाजूने चित्र घेताना छातीचा स्नायू निदान स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसला पाहिजे आणि स्तनाखालची घडी उलगडलेली दिसली पाहिजे. महिलेचा खांदा ताठ राहिला, दाबणारी पट्टी बोटभर लवकर थांबली, की काखेकडचा भाग चित्राबाहेर राहतो. अनेक कर्करोग नेमके त्याच भागात असतात. दोन मिनिटे थांबून तिला धीर देणारा तंत्रज्ञ येथे यंत्राच्या किमतीपेक्षा मोलाचा ठरतो, आणि कमी गर्दीचा फायदा तुम्हाला येथे निश्चित मिळतो.

प्रश्न पुढचा आहे, म्हणजे चित्र वाचणाऱ्याचा. दर हजार चित्रांत चार-पाच कर्करोग असतील तर वर्षाला ६०० चित्रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या नजरेखाली दोन-तीनच कर्करोग येतात. नजर तयार होण्यासाठी ते पुरेसे नाही. युरोपातील २००६ च्या तत्त्वांत म्हणूनच वाचणाऱ्याने वर्षाला किमान ५,००० महिलांची चित्रे पाहावीत असे म्हटले होते. अमेरिकेतील अट बरीच सैल, म्हणजे दोन वर्षांत ९६० ची आहे. कमी सराव असलेला वाचक दोन्हीकडे चुकतो. एक तर बारीक खूण निसटते, किंवा निसटेल या भीतीने तो उगाचच अनेकींना परत बोलावतो. पहिल्या फेरीत १०० पैकी सातहून अधिक जणींना परत बोलवावे लागू नये, अशी त्याच तत्त्वांतील मर्यादा होती.

लक्षद्वीपसारख्या ६४ हजार वस्तीच्या ठिकाणी ५० ते ६९ वर्षांच्या महिला ढोबळ अंदाजाने चार हजारांच्या आसपास असतील. दोन वर्षांतून एकदा सगळ्याच आल्या तरी वर्षाला २,००० चित्रे होतात. म्हणजे एका वाचकापुरतेही काम नाही, आणि प्रत्येक चित्र दोघांनी स्वतंत्रपणे वाचावे हा तर उत्तम कार्यक्रमाचा पाया मानला जातो. लक्झेंबर्गने १९९२ मध्ये आपला कार्यक्रम सुरू करताना चित्रे ठिकठिकाणच्या दवाखान्यांतच काढली. दुसरे वाचन मात्र एकाच मध्यवर्ती ठिकाणी ठेवले. आता चित्रे संगणकावरून क्षणात पाठवता येत असताना तुमच्या केंद्राने आजूबाजूच्या पाच-सहा केंद्रांशी मिळून वाचनाची एकच जागा ठरवणे अवघड नाही. चित्र गावात निघावे आणि वाचन एका जागी व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वर्षाकाठी मधल्या काळात कर्करोग झालेल्या महिलांची जुनी चित्रे सर्वांनी एकत्र बसून पुन्हा पाहावीत : खूण तेव्हा नव्हतीच, पुसट होती, की स्पष्ट असून नजरेतून सुटली? लहान केंद्रात अशी चित्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतात, त्यामुळे एकही न वगळता हे करता येते.

प्रश्न : मी मुंबईत पारशी कुटुंबांमध्ये समाजसेविका म्हणून काम करते. या समाजात स्तनाचा कर्करोग अधिक आहे हे खरे का? त्यांच्यासाठी वेगळी तपासणी योजना असावी का?
(एक वाचक, दादर)

उत्तर : होय, पारशी महिलांत हे प्रमाण मुंबईतील इतर समाजांपेक्षा अधिक असल्याचे मुंबईच्या कर्करोग नोंदणीच्या आधारे १९७० च्या दशकापासून मांडले गेले आहे. उशिरा लग्न, उशिरा व कमी बाळंतपणे ही त्यामागची कारणे सांगितली जातात. समाज लहान आहे, २०११ च्या जनगणनेनुसार देशभरात केवळ ५७,२६४, आणि आपापसांत लग्न करण्याची रीत जुनी आहे. अशा लहान समाजात एखादा विशिष्ट जनुकीय दोष पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहू शकतो. आइसलँडमध्ये बीआरसीए-२ या, बिघडल्यास स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या, जनुकातील एकच ठरावीक दोष सुमारे ०.६ टक्के लोकांत आढळतो, तो याच कारणाने. त्यावरून पारशी समाजातही तसेच असेल असा निष्कर्ष मात्र काढू नये.

वेगळ्या योजनेपेक्षा तुम्ही घराघरांत जाता तेव्हा आई, मावशी, आत्या, आजी यांपैकी कोणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का आणि कितव्या वर्षी, एवढे दोन प्रश्न विचारून ठेवा. ज्या घरात पन्नाशीच्या आत दोघींना रोग झाला असेल तेथील लेकींना जनुकीय सल्ल्यासाठी पाठवावे. बाकीच्यांना नेहमीची तपासणी पुरे.

प्रश्न : मी उपकेंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे मॅमोग्राफी नाही. जवळचे यंत्र ७० किलोमीटरवर आहे. आम्ही हातानेच तपासतो. याचा खरोखर उपयोग होतो, की नुसता तक्ता भरला जातो?
(एक परिचारिका, सिंधुदुर्ग)

उत्तर : तुमच्या प्रश्नाचे उत्तर मुंबईतूनच मिळते. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या झोपडवस्त्यांत ३५ ते ६४ वर्षांच्या १,५१,५३८ महिलांची चाचणी सुरू केली. निम्म्या वस्त्यांत डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांत हाताने तपासणी केली. उरलेल्या वस्त्यांत माहिती देण्याचे काम झाले. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासलेल्या गटात तिसऱ्या-चौथ्या टप्प्यातील, म्हणजे बरेच वाढलेले, कर्करोग ३७ टक्के होते, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मृत्यू एकंदरीत १५ टक्क्यांनी कमी दिसले, पण दीड लाख महिला आणि २० वर्षे लागूनही ही घट योगायोगाची नाही असे खात्रीने म्हणता आले नाही. पन्नाशीपुढच्या महिलांत मात्र घट जवळजवळ ३० टक्के होती. पन्नाशीच्या आतल्या महिलांच्या मृत्यूंत ठाम फरक दिसला नाही. वयाप्रमाणे वेगळे काढलेले आकडे थोडे सावधपणे घ्यावे लागतात, हे खरे. तरीही तुमच्या जिल्ह्यासाठी त्यांना विशेष अर्थ आहे. चाकरमानी मुंबईला आणि घर सांभाळायला मागे वयस्क महिला, अशा गावांत पन्नाशीपुढच्याच महिला अधिक सापडतात.

शासनाच्या २०१६ च्या कार्यचौकटीत ३० ते ६५ वर्षांच्या महिलांची दर पाच वर्षांनी हाताने तपासणी सांगितली आहे. मुंबईत ती दर दोन वर्षांनी झाली होती. पाच वर्षांचे अंतर मला फार वाटते. तुमच्याकडे मनुष्यबळ अपुरे असेल तर वय खाली नेण्यापेक्षा पन्नाशीपुढच्यांना दोन वर्षांनी पुन्हा पाहणे मी पसंत करीन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत ३० ते ४९ वर्षांच्या महिलांपैकी आयुष्यात एकदा तरी स्तनाची तपासणी झालेल्या महिला देशभरात ०.९ टक्के निघाल्या, हे पाहता तुम्ही जे करत आहात ते नुसते तक्ता भरणे नव्हे.

तपासताना मधल्या तीन बोटांची पेरे वापरावीत, टोके नव्हेत. गळपट्टीच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत उभ्या पट्ट्यांत, नाण्याएवढे गोल फिरवत, प्रत्येक जागी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी लागेपर्यंत दाब द्यावा. काख सोडू नये. एका बाजूला काही मिनिटे जातात, आणि तुम्ही एका मिनिटात दोन्ही बाजू उरकत असाल तर त्यात बदल करावा लागेल. वर्षातून एकदा सिलिकॉनच्या नमुन्यावर, ज्यात वेगवेगळ्या आकारांच्या गाठी लपवलेल्या असतात, स्वतःची परीक्षा घेता आली तर उत्तम. जिल्हा प्रशिक्षण केंद्राकडे तशी मागणी लेखी करावी.

वहीत नेहमीच्या रकान्यांपुढे चार रकाने वाढवा : पाठवल्याची तारीख, पोहोचल्याची तारीख, निदान, उपचार सुरू झाल्याची तारीख. सत्तर किलोमीटरवर जाणे म्हणजे एक दिवसाची मजुरी, एसटीचे भाडे आणि सोबत एक माणूस. पहिल्या आणि दुसऱ्या तारखेत महिनाभराचे अंतर दिसले तर कारण बहुधा तेथेच सापडेल, आणि मग ठरावीक वारी चार-पाच जणींना एकत्र घेऊन जाण्याची व्यवस्था आशाताईंच्या मदतीने करता येईल. जी बांबोळीला किंवा मुंबईला गेली तिची ओळ कोरी सोडू नका. तिच्या घरच्या फोनवर विचारून ती भरा.